विश्लेषण : सोसायटीत शिरलेले ते ‘माकड’ नेमके कोणते? उत्तरावर बरेच काही का अवलंबून आहे?

सकाळी साडेसातची वेळ. बेलापूर, खारघर किंवा घणसोलीतील एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो : ‘ए विंगच्या गच्चीवर माकड आले आहे, खिडक्या बंद ठेवा.’ पाठोपाठ धूसर फोटो, दोन हात जोडलेले इमोजी, एक संतापलेला इमोजी. कुणी केळे ठेवायला सांगतो, कुणी फटाका लावायला. वॉचमन काठी घेऊन जिना चढतो. तासाभराने ते माकड निघून जाते आणि ग्रुपवर पुन्हा पार्किंगचा वाद सुरू होतो.

या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. गच्चीवर आलेले ते माकड नेमके कोणते होते? प्रश्न प्राणिशास्त्राच्या पेपरातला वाटेल. पण त्याच्या उत्तरावरून कायदा बदलतो, धोका बदलतो, उपाय बदलतो आणि कोणाला फोन करायचा हेही बदलते.

मराठीत दोन शब्द होते, ते कुठे गेले?

मराठी भाषेने हा भेद फार पूर्वीच केला होता. ग्रामीण महाराष्ट्रात आजही ‘माकड’ आणि ‘वानर’ हे दोन वेगळे प्राणी आहेत. वानर म्हणजे काळ्या तोंडाचे, राखाडी अंगाचे, अंगापेक्षा लांब शेपटीचे. त्यातला नर ‘हुप्प्या’, कारण तो ‘हुप्प’ असा आवाज काढतो. माकड म्हणजे लालसर तोंडाचे, तपकिरी आणि आकाराने लहान. कोकणात त्यालाच ‘केल्डे’ म्हणतात. शहरात आल्यावर हे शब्द गळाले आणि सगळेच ‘मंकी’ झाले. बातम्यांतही ‘माकडांचा उच्छाद’ हा एकच मथळा दोघांना चालवला जातो.

लाल तोंडाच्या माकडांतही आपल्याकडे दोन प्रकार आहेत, आणि गोंधळ इथूनच वाढतो. पहिले टोपी माकड. त्याच्या डोक्यावरचे केस मधून भांग पाडल्यासारखे चहूबाजूंनी पसरतात, जणू टोपी घातली आहे. शेपूट लांब, जवळपास अंगाएवढी. हे मूळचे दक्षिण भारताचे आणि जगात इतरत्र कुठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. दुसरे ऱ्हीसस माकड. डोक्यावर टोपी नाही, शेपूट आखूड म्हणजे अंगाच्या साधारण निम्मी, आणि कमरेखालचा भाग नारिंगी-लालसर. हे मूळचे उत्तरेकडचे. दिल्ली, मथुरा, शिमल्यात दिसते ते हेच. रक्तगटाच्या पुढे आपण ‘आरएच पॉझिटिव्ह’ लिहितो, तो ‘आरएच’ याच्याच नावावरून आला आहे.

ओळखायची सोपी खूण एकच : तोंड नाही, शेपूट पाहा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात टोपी माकड, ऱ्हीसस आणि वानर हे तिन्ही आढळतात. म्हणजे ठाणे खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या रहिवाशांना ही शेपटीची परीक्षा केव्हा द्यावी लागेल, सांगता येत नाही.

एकाच्या पोटात कारखाना, दुसऱ्याच्या गालात थैली

वानर आणि माकड यांच्यातला खरा फरक तोंडाच्या रंगात नाही, तो पचनात आहे.

वानर हा पाने खाणारा प्राणी. पाने सगळीकडे मिळतात, पण पचायला अवघड. त्यात तंतू जास्त, साखर कमी आणि झाडाने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेली विषारी द्रव्येही असतात. यावर वानराने गाय-म्हशीसारखा तोडगा काढला. त्याचे पोट कप्प्याकप्प्यांचे असते आणि त्यातले जिवाणू पाला आंबवून त्याचे पचण्याजोगे अन्न करतात. म्हणूनच भर दुपारी वानरांचा कळप पोट फुगवून झाडावर नुसता बसलेला दिसतो. तो आळस नव्हे, आत काम सुरू असते. अशा पोटात बिस्किटे, पाव, लाडू गेले की आंबण्याची प्रक्रिया बिघडते आणि आम्लता वाढते. भाविकाने प्रेमाने दिलेला पार्ले-जीचा पुडा हा वानरासाठी प्रसाद नव्हे.

माकडाचे पोट साधे आहे, साधारण आपल्यासारखे. फळे, बिया, किडे, अंडी, कोवळे कोंब आणि आपण खातो ते जवळजवळ सगळे त्याला चालते. त्याची खासियत गालात आहे. दोन्ही गालांच्या आत थैल्या असतात आणि त्या भरल्या की जवळपास पोटाइतके अन्न मावते. म्हणजे उघड्या जागी दोन मिनिटांत भराभर कोंबायचे, सुरक्षित फांदीवर पळायचे आणि मग निवांत चघळायचे. ही सवय जंगलात मोठ्या प्राण्यांच्या धाकाने लागली असावी. स्वयंपाकघराच्या खिडकीवर ती तितकीच उपयोगी पडते. ‘आला, उचलले, पळाला’ हा अनुभव माकडाचाच येतो. वानर सहसा बागेतली जास्वंद आणि शेवग्याचा पाला ओरबाडतो.

दोघांना समान असलेल्याही बऱ्याच गोष्टी आहेत. समोर रोखलेले दोन डोळे, त्यामुळे अंतराचा अचूक अंदाज. नख्यांऐवजी नखे आणि पकड घेणारा अंगठा. शिवाय तीन रंगांची दृष्टी, जी कुत्र्या-मांजराला नाही. हिरव्या पानांत पिकलेले फळ किंवा तांबूस कोवळी पालवी ओळखायला ती उपयोगी पडली. आता त्याच दृष्टीला पर्यटकाच्या हातातले चिप्सचे लाल-पिवळे पाकीट लांबूनच दिसते.

जगात असे किती प्रकार आहेत?

माणूस सोडून पाचशेहून अधिक प्रजाती. माकड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच आकृती येते, पण हे कुटुंब थक्क करणारे आहे. मादागास्करमधला सर्वांत छोटा माऊस लेमूर ३० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांएवढा. तर आफ्रिकेतला गोरिला नर दोनशे किलोंच्या घरात जातो. मादागास्करचाच आय-आय हा रात्री फिरणारा प्राणी काडीसारख्या बारीक मधल्या बोटाने लाकडावर टकटक करतो, पोकळ जागेचा अंदाज घेतो आणि आतली अळी त्याच बोटाने ओढून काढतो. आग्नेय आशियातल्या टार्सियरचा एक डोळा त्याच्या मेंदूएवढा असतो. दक्षिण अमेरिकेतले स्पायडर मंकी शेपटीचा पाचवा हात करून लटकते. आपल्याकडच्या एकाही माकडाला ते जमत नाही, इथे शेपूट फक्त तोल सांभाळते. इथिओपियाच्या पठारावरचे गेलाडा चक्क गवत खाऊन जगते.

भारतात पंचवीसच्या आसपास प्रजाती आहेत. आसामात हूलॉक गिबन आहे, हातांनी फांद्यांवरून झोके घेत जाणारा, भारतातला एकमेव कपी. गोव्यापासून खाली सह्याद्रीत तळहातावर मावेल एवढा लोरिस आहे. रात्री मोठाले डोळे उघडून अतिशय हळू चालणारा हा प्राणी माकडापेक्षा मादागास्करच्या लेमूरला जवळचा आहे. कन्नडमध्ये त्याला ‘काडू पापा’ म्हणजे जंगलातले बाळ म्हणतात. जादूटोण्यासाठी त्याला पकडणारेही आहेत. तमिळनाडूने २०२२ मध्ये कडवूर येथे खास लोरिससाठी अभयारण्य जाहीर केले, देशातले पहिलेच.

आणि सिंहपुच्छ माकड. उत्तर कन्नड जिल्ह्यातले अघनाशिनीचे खोरे ही त्याची उत्तरेकडची सीमा, म्हणजे कोकणी माणसाच्या शेजारचेच. काळे कुळकुळीत अंग आणि चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ. सदाहरित जंगलाच्या छतावर त्याचे आयुष्य जाते. मध्ये रस्ता आला आणि फांद्या तुटल्या की त्याचे जगच तुटते. तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनने रस्त्यावरून झाड ते झाड असे दोरांचे पूल बांधले, ते यासाठीच.

‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार जगातील सुमारे ६० टक्के प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत आणि सुमारे ७५ टक्क्यांची संख्या घटते आहे. मग आपल्याकडे उलटेच का वाटते? ‘माकडे फार वाढली’ ही तक्रार घरोघरी का?

‘तण माकडे’ म्हणजे काय?

याचे सर्वांत पटणारे उत्तर १९८९ मधल्या एका शोधनिबंधात आहे. अ‍ॅलिसन रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियातील काही माकडांना ‘वीड मकाक’ म्हणजे ‘तण माकडे’ असे नाव दिले. तण जसे नांगरलेल्या, उकरलेल्या जमिनीत आधी उगवते, तशी ही माकडे माणसाने मोडलेल्या जंगलाच्या कडेला अधिक फोफावतात. या यादीत ऱ्हीसस आहे, टोपी माकडही आहे. सिंहपुच्छ नाही.

शब्द जरा अपमानकारक आहे खरा. तण म्हटले की उपटायचेच असे वाटते. पण त्यातला दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे : तण उगवले म्हणजे जमीन कोणीतरी उकरली आहे.

नवी मुंबईपेक्षा याचे चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. सिडकोची स्थापना १९७० ची. त्यानंतर खाडी आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात गावे, भातशेती आणि मिठागरे यांच्या जागी अख्खे शहर उभे राहिले. पारसिकच्या रांगेत दगडखाणी चालल्या. खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याला टॉवर भिडले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट झाली. डोंगराची कड आणि गॅलरी यांत आता एका उडीचे अंतर उरले आहे. जंगल आणि शहर यांच्या मध्ये पूर्वी शेताचा, गावाचा, वरकस जमिनीचा एक पट्टा असायचा. तो गेला.

त्यात पुन्हा खाऊ घालणे. मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळा अभयारण्यातून जातो. त्या वळणांवर गाडी थांबवून काच खाली करायची आणि वेफर्स भिरकावायचे, हा अनेक कुटुंबांच्या कोकण सहलीचा ठरलेला कार्यक्रम आहे. मुलांना गंमत वाटते, रील होते. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये देशात तिसऱ्या आलेल्या शहराचा नागरिक सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करतो आणि पनवेल ओलांडले की रस्त्याच्या कडेलाच केळ्याची साल फेकतो, याला काय म्हणावे?

उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटावर या सवयीची पुढची पायरी दिसते. लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर माकडे पर्यटकांच्या हातातली शीतपेयाची बाटली सरळ काढून घेतात. बालीच्या उलुवाटू मंदिरात तर माकडांनी याचा व्यापार केला आहे : चष्मा किंवा मोबाइल पळवायचा आणि खाऊ मिळाल्यावरच परत करायचा. कोणत्या वस्तूला जास्त भाव मिळतो हेही अनुभवी माकडांना कळते, असे तिथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडले. यात माकडांनी आपला स्वभाव कुठेही सोडलेला नाही. जिथे कमी श्रमात जास्त उष्मांक मिळतात तिथे जायचे, एवढेच ती करतात. दुपारी जेवण ऑनलाइन मागवणाऱ्यांनी तरी त्यावर आक्षेप घेऊ नये.

पोषण वाढले की मादी लवकर वयात येते, दोन पिलांमधले अंतर कमी होते, पिले जास्त जगतात. म्हणजे गाडीच्या खिडकीतून फेकलेले वेफर्स पुढच्या वर्षी पिलांच्या रूपाने परत येतात.

पकडून लांब सोडले तर?

ही सर्वांत लोकप्रिय मागणी. नगरसेवकापासून आमदारापर्यंत सगळे तीच करतात. राज्य सरकारनेही २०२५ च्या अखेरीस प्रशिक्षित व्यक्तींमार्फत माकडे पकडण्यासाठी नियमावली आणि मोबदला ठरवला : दहा माकडांपर्यंत प्रत्येकी ६०० रुपये, त्यापुढे प्रत्येकी ३०० रुपये. पकडणे शास्त्रशुद्ध व्हावे, हा हेतू चांगलाच आहे. पण पकडल्यानंतरचे काय, हा प्रश्न मोबदल्याने सुटत नाही.

माकड आणि वानर दोघांच्याही समाजात माद्या जन्मभर आपल्या कळपात राहतात आणि नर मोठे झाले की बाहेर पडतात. शहरात एकटेदुकटे भटकणारे माकड हे बहुधा असे घराबाहेर पडलेले तरुण नर असते. नवा कळप शोधत तो इमारतींच्या जंगलात शिरतो. त्याला डिवचले नाही तर तो एक-दोन दिवसांत पुढे सरकतो. त्याला पकडून नेले तरी पुढच्या हंगामात दुसरा येणारच. नर बाहेर पडायचे थांबत नाहीत.

अख्खा कळप उचलला तर? माकडांचा कळप आपल्या टापूतले प्रत्येक फळझाड आणि पाणवठा ओळखतो. अनोळखी जंगलात सोडला की तिथे आधीचे कळप त्याला टिकू देत नाहीत. आणि ज्याला पाव-बिस्किटांची चटक लागली आहे, तो रात्रभर जंगलात बसून उंबर पिकायची वाट का पाहील? तो जवळचे गाव गाठतो. एका वॉर्डाची तक्रार दुसऱ्या तालुक्याच्या माथी जाते. खारघरच्या रहिवाशाची सुटका म्हणजे मुरबाड किंवा रोह्याच्या शेतकऱ्याचे नुकसान, हा हिशेब कुठल्याच फाइलवर मांडला जात नाही.

दिल्लीने हा प्रयोग करून पाहिला आहे. २००७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शहरातली माकडे पकडून असोला भाटी अभयारण्यात सोडली गेली. पुढच्या दशकभरात हा आकडा वीस हजारांच्या आसपास गेला. त्यांना तिथे सरकारी खर्चाने खाद्य पुरवले गेले. तरीही २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी नवी दिल्लीत माकडे हुसकावण्यासाठी वानरांचे कटआउट उभारावे लागले आणि वानराचा आवाज काढणारी माणसे नेमावी लागली.

हिमाचल प्रदेशाने नसबंदीचा मार्ग धरला. २००६-०७ पासून तिथे दीड लाखाहून अधिक माकडांची नसबंदी झाली. २०१६ मध्ये शिमला शहरात ऱ्हीससला ‘उपद्रवी’ घोषित करून मारायची मुभाही दिली गेली. प्रत्यक्षात मारायला फारसे कोणी पुढे आले नाही. नसबंदीने वाढ मंदावते हे खरे, पण नसबंदी झालेले माकडही वीस वर्षे जगते आणि रोज खाते.

कायदा शेपूट पाहतो

इथे आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत यावे लागते.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अनुसूच्यांची फेरमांडणी झाली. तीत ऱ्हीसस माकडाला संरक्षित प्राण्यांच्या यादीतून वगळण्यात आले. टोपी माकड मात्र अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघ-हत्तींच्या पंगतीत बसले.

याचा अर्थ काय? अनुसूची १ मधल्या प्राण्याची शिकार करायला परवानगी मिळते ती तो माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होणारा आजार वा इजा झाली असेल तरच, आणि तीही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशानेच. पिकाचे नुकसान हे कारण चालत नाही. त्याला उपद्रवी घोषित करता येत नाही. उलट ऱ्हीसस हा या कायद्याच्या दृष्टीने वन्यप्राणी म्हणून संरक्षितच राहिला नाही. त्याला प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा तेवढा लागू राहतो. मग त्याची जबाबदारी वन विभागाची की महापालिकेची, यावर देशभर टोलवाटोलवी सुरू झाली.

शेजारी शेजारी बसलेली, दोघेही ‘लाल तोंडाची’. एकाला कायद्याचे सर्वोच्च कवच, दुसऱ्याला काहीच नाही. आणि पकडायला आलेल्या माणसाला दोघांतला फरक सांगता येईलच याची खात्री नाही. नवी मुंबईत यात आणखी एक गाठ आहे. बेलापूर एका महापालिकेत, खारघर दुसऱ्या. जमीन कुठे सिडकोची, डोंगर कुठे वन विभागाचा. माकडाला ही हद्द कळत नाही आणि तक्रार करणाऱ्यालाही ती धडपणे कळत नाही.

केरळने २०२५ मध्ये टोपी माकडाला अनुसूची १ मधून अनुसूची २ मध्ये आणावे, अशी उघड मागणी केली. तिथल्या नारळ-बागायतदारांचे म्हणणे आणि कोकणातल्या शेतकऱ्यांचे म्हणणे एकच आहे.

कोकणातल्या शेतकऱ्याचे म्हणणे काय?

शहरातल्या वाचकाने हे जरा थांबून वाचावे. इथे प्रश्न गच्चीवरच्या लोणच्याच्या बरणीचा नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात केल्डी आणि वानर नारळाची कोवळी बोंडे तोडतात, काजूचा मोहोर झाडतात, आंबा कैरीतच संपवतात, केळीचे कोके खातात. परसातली काकडी, पडवळ, भोपळा लावणे अनेकांनी सोडून दिले. डोंगरउतारावरची नाचणी-वरी बंद होण्यामागे मजूर न मिळणे, मुले मुंबईला जाणे ही कारणे आहेतच. पण राखण करायला माणूसच नाही आणि राखल्याशिवाय पीक हाती येत नाही, हेही आहे. बिबट्याने गाय मारली तर पंचनामा होतो. झाडाखाली पडलेल्या चाळीस बोंडांचा पंचनामा कोण करणार?

‘ही त्यांचीच जागा आहे, आपणच अतिक्रमण केले’ हे वाक्य वाशीच्या कॅफेत सोपे आहे. ज्या घरात चार पिढ्यांपासून नारळ लावले जातात, तिथे ते अन्यायकारक आहे. नुकसानभरपाई वेळेत आणि खऱ्या दराने दिली जात नाही तोवर संवर्धनाचा सगळा खर्च सर्वांत कमी कमावणाऱ्या माणसाच्या खिशातून जातो आहे, आणि त्याने कायद्याबद्दल आस्था बाळगावी ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

पण टोपी माकडाची दुसरी बाजूही आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ते आता ‘असुरक्षित’ वर्गात आहे. त्याला धोका फक्त माणसाकडून नाही. बेंगळुरूच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की ऱ्हीसस माकडे दक्षिणेकडे सरकत आहेत आणि टोपी माकडांच्या प्रदेशात शिरत आहेत. तापी-गोदावरीची जुनी सीमा आता राहिलेली नाही. ऱ्हीससचे कळप मोठे आणि स्वभाव जास्त आक्रमक. टोपी माकडांतले नर त्या मानाने एकमेकांना सांभाळून घेणारे. या सरकण्याला माणसाचा हातभार लागतो : एका जिल्ह्यात पकडलेली माकडे ट्रकने दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन सोडणे. म्हणजे ‘लांब नेऊन सोडा’ हा उपाय चुकीच्या शेपटीच्या प्राण्यावर वापरला, तर पुढच्या पंधरा-वीस वर्षांत कोकणातल्या शेतकऱ्याला केल्ड्यांऐवजी त्याहून दांडगट पाहुणा मिळू शकतो.

लवूलमध्ये काय घडले होते?

प्राण्याचा स्वभाव माहीत नसला की काय होते, याचा नमुना बीड जिल्ह्याने दाखवला. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूल गावात वानरे कुत्र्याची पिले उचलून उंचावर नेत होती आणि पिले मरत होती. ‘वानरांचा सूड’, ‘अडीचशे कुत्र्यांचा बळी’ अशा मथळ्यांनी ही बातमी जगभर फिरली. आकडा सांगोवांगीचा होता. वन विभागाच्या पथकाने दोन वानरे पकडली आणि प्रकरण मिटले.

सुडाची कथा चटपटीत होती, पण त्यापेक्षा साधे स्पष्टीकरण उपलब्ध होते. वानराचे पिलू जन्मल्यापासून मुठीने केस घट्ट धरून आईला चिकटते. कितीही उंच उडी मारली तरी पडत नाही. कुत्र्याच्या पिलाला पकडणारा हातच नाही. झाडावर किंवा गच्चीवर नेलेले पिलू पडते, किंवा दुधावाचून उपाशी मरते. वानराच्या लेखी त्याने कुणाला मारलेले नसते.

वानरांच्या समाजात खरी हिंसा आहे, पण ती वेगळ्या जागी आहे. धारवाडजवळच्या जंगलात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने पाहिले की बाहेरचे नर कळपावर चाल करून जुन्या नराला हुसकावतात आणि मग नवा नर तान्ह्या पिलांना मारतो. पिलू गेल्यावर मादी लवकर पुन्हा विणीला तयार होते, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवरील कामातून मांडले. प्राण्यांच्या वर्तनशास्त्रातला हा गाजलेला वाद आपल्या शेजारच्या राज्यातून सुरू झाला, हे मराठी वाचकाला क्वचितच सांगितले जाते.

आजाराची भीती किती खरी?

काही प्रमाणात खरी. माकड चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जावे, यात चालढकल नको.

‘माकडताप’ या नावाने मात्र गैरसमज होतो. हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम सापडला. २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात त्याचे रुग्ण आढळले. तो पसरवते ती गोचीड. वानर आणि टोपी माकड हे या रोगाचे बळी आहेत, ती त्याने पटापट मरतात. जंगलात मेलेले माकड दिसणे हा गावासाठी धोक्याचा इशारा असतो. काजू गोळा करायला जाणाऱ्यांना तो सर्वांत आधी कळायला हवा. मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य किंवा वन विभागाला कळवणे हे तिथल्या लोकांनी शिकून घेतले आहे.

मग गच्चीवरच्या त्या माकडाचे काय करायचे?

सर्वांत आधी, काहीही खायला द्यायचे नाही. शनिवारी मारुतीला वाहिलेले केळेसुद्धा नाही. श्रद्धेला विरोध म्हणून हे सांगितलेले नाही. उपास घडवणारी माणसे वानराला मैदा का चारतात, हाच खरा प्रश्न आहे. डोळ्यांत डोळे घालून पाहायचे नाही आणि दात दाखवून हसायचे नाही, कारण माकडाच्या भाषेत रोखलेली नजर हे आव्हान असते. सेल्फीसाठी पाठ करायची नाही. दगड मारायचा नाही, कोंडायचे नाही, निघायला वाट मोकळी ठेवायची. खिडकीला जाळी, कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण. कळप मुक्कामालाच आला किंवा प्राणी जखमी असेल, तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. फोन करताना ‘माकड आले आहे’ एवढेच न सांगता तोंड काळे की लाल, आणि शेपूट लांब की आखूड, हे सांगितले तर समोरच्याचे अर्धे काम होते.

पालिकांनी करण्यासारखे त्याहून जास्त आहे. डोंगराला लागून असलेल्या नोडमध्ये कचराकुंड्या माकडांना उघडता येणार नाहीत अशा हव्यात. कर्नाळ्याच्या वळणांवर सुट्टीच्या दिवशी खाऊ घालणाऱ्यांना हटकायला माणूस उभा हवा. फलक लावून हे थांबलेले नाही. आणि माकडांची प्रजातीनिहाय मोजणी हवी. ‘माकडे वाढली’ या वाक्यात कोणती माकडे, कुठे, किती हे तिन्ही तपशील नसताना कोट्यवधींच्या निविदा काढता येतात, पण प्रश्न सुटत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ग्रामपंचायतीकडच्या जमिनीच्या नोंदीनुसार ३२ एकर जमीन गावातल्या माकडांच्या नावावर आहे. २०२२ मध्ये ही बातमी देशभर गाजली. ही तरतूद कोणी आणि केव्हा केली, हे गावातही कुणाला सांगता आले नाही. पूर्वी तिथे लग्नकार्यात आधी त्यांचा मान काढून मगच विधी सुरू होत. गावात त्यांची संख्या शंभरच्या आसपास सांगितली गेली, आणि ती पूर्वीपेक्षा कमी झाल्याचेही गावकऱ्यांनीच सांगितले. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे.